आवाज येतो, पण बोलणे कळत नाही

गेल्या महिन्यात या सदरात कॉक्लिअर इम्प्लांटच्या (आवाजाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करून ते आतल्या कानात बसवलेल्या इलेक्ट्रोडांतून, म्हणजे विजेच्या बारीक टोकांतून, श्रवण-मज्जातंतूला देणाऱ्या यंत्राच्या) शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्या तपासण्या होतात, याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे शस्त्रक्रियेआधीच्या नव्हे, तर नंतरच्या काळाविषयी आहेत आणि त्यांत एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते : आवाज येतो, पण बोलणे कळत नाही. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच प्रश्नाला दिले आहे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. गेल्या पंधरा वर्षांत माझी श्रवणशक्ती हळूहळू कमी होत गेली आणि शेवटी श्रवणयंत्राचाही उपयोग होईनासा झाला. तीन आठवड्यांपूर्वी इम्प्लांटचे स्विच-ऑन झाले, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केले. पहिल्या दिवशी नुसत्या शिट्या आणि किणकिण ऐकू आली. आता कुणीतरी बोलत आहे हे कळते, पण यजमानांचा आणि मुलीचा आवाज मला सारखाच वाटतो, दोन्ही चिरके आणि यंत्रातून आल्यासारखे. शस्त्रक्रिया फसली असेल का?

उत्तर : तुमचे वर्णन वाचून मला धास्ती वाटली नाही. नुसत्या किणकिणीपासून 'हे कुणाचे तरी बोलणे आहे' एवढ्या ओळखीपर्यंत तुम्ही तीन आठवड्यांत आला आहात आणि माझ्या दृष्टीने ही खरी प्रगती आहे. इलेक्ट्रोड व्यवस्थित काम करत आहेत की नाहीत, हे ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) संगणकावर मोजून पाहू शकतात. पुढच्या भेटीत तसे आवर्जून विचारा, म्हणजे मनातली शंका राहणार नाही. पण तुम्ही जे ऐकत आहात ते सुरुवातीच्या काळात बहुतेकांना असेच ऐकू येते आणि त्यामागे कारणे आहेत.

आतल्या कानातील कॉक्लिया ही शंखासारखी वळलेली, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असून ती उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर लांब भरते. तिच्या तोंडाशी उंच स्वर आणि टोकाशी खर्जातले स्वर ओळखले जातात. ध्वनीची लहर या नळीत कशी प्रवास करते याच्या शोधासाठी गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. निरोगी कानात या लांबीवर ध्वनी टिपणाऱ्या सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी असतात आणि त्यांच्याकडून मिळालेली माहिती जवळपास ३०,००० तंतूंच्या श्रवण-मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. इम्प्लांटमध्ये या साऱ्या केसपेशींचे काम यंत्राच्या बनावटीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोडांना करावे लागते. शिवाय कॉक्लियातील द्रवात विजेचा प्रवाह पसरतो, शेजारच्या इलेक्ट्रोडांची क्षेत्रे एकमेकांवर चढतात आणि प्रत्यक्षात परस्परांहून वेगळे असे जेमतेम आठच्या आसपास मार्ग मेंदूच्या वाट्याला येतात. बारीक कुंचल्याने काढलेले चित्र जाड बोटांनी पुन्हा रंगवले तर जसे दिसेल, तसा हा ध्वनी असतो.

एवढ्या थोड्या सामग्रीवर बोलणे कळेल तरी कसे, असे तुमच्या मनात येईल. १९९५ साली रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, उत्तम ऐकू येणाऱ्या माणसांना मुद्दाम विस्कटलेले बोलणे ऐकवले होते. मूळ ध्वनीचे केवळ चार पट्टे करून, प्रत्येक पट्ट्यातला चढउतार तेवढा राखून, बाकी सारे तपशील खरखरीने भरून टाकले होते. थोड्या तासांच्या सरावानंतर शांत जागेत त्या माणसांना वाक्ये जवळजवळ पूर्ण कळू लागली. बोलण्याचा अर्थ ध्वनीच्या बारकाव्यांपेक्षा त्याच्या चढउतारांच्या घडणीत किती साठवलेला असतो, हे त्यातून दिसले. आणि इम्प्लांट नेमकी तीच घडण तुमच्या मेंदूपर्यंत पोहोचवत असते.

आवाज चिरका का वाटतो, याचेही उत्तर या रचनेतच आहे. इलेक्ट्रोडांची तार सहसा कॉक्लियाच्या अगदी टोकापर्यंत जात नाही. त्यामुळे यजमानांच्या आवाजातले खालचे स्वर, पूर्वी ज्या जागी त्याहून उंच स्वर ऐकू येत असत, त्या जागी पोहोचतात. मेंदूच्या जुन्या हिशेबाने तो आवाज चढलेला ठरतो आणि स्त्री-पुरुषांचे आवाज एकसारखे भासू लागतात. मेंदू हा हिशेब नव्याने मांडतो, पण त्यासाठी आठवडे आणि कधी महिने जातात. बहुतेक प्रौढांमध्ये सर्वांत मोठी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, पुढे वर्षभर आणि त्यानंतरही ती संथपणे चालू राहते. तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे : तुम्ही आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे कानांनी भाषा ऐकलेली आहे, त्यामुळे भाषा तुमच्याजवळ शाबूत आहे, फक्त तिच्याकडे येणारी वाट बदलली आहे. म्हणून सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत यंत्र कानावर ठेवा. दिवसातून दोन तास लावून 'सवय होऊ द्या' असा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल, तर तो मनावर घेऊ नका.

प्रश्न : पत्नीचे स्विच-ऑन होऊन सहा आठवडे झाले. रोज संध्याकाळी मी तोंड झाकून तिला शब्द विचारतो. ती चुकते, मी पुन्हा विचारतो, ती पुन्हा चुकते आणि शेवटी दोघेही नाराज होऊन उठतो. घरचा सराव कसा घ्यावा?

उत्तर : तुम्ही रोज वेळ काढता ही मोठी गोष्ट आहे. फक्त तुम्ही जे घेत आहात ती परीक्षा आहे, आणि परीक्षेने कुणाला ऐकायला शिकवता येत नाही. सरावात उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायला हवे, कारण मेंदूला ध्वनी आणि अर्थ यांची गाठ एकाच क्षणी बांधायची असते. जिथे दहापैकी आठ वेळा चूक होते, तिथे ती गाठ बसतच नाही. दहापैकी सात-आठ उत्तरे बरोबर येतील इतकी सोपी पायरी निवडा, ती पक्की झाली की एक पायरी वर चढा.

पायऱ्यांची कल्पना नॉर्मन अर्बर यांनी १९८२ साली मांडली आणि आजही बहुतेक तज्ज्ञ तीच वापरतात : आधी आवाज आला की नाही हे कळणे, मग दोन आवाज सारखे आहेत की वेगळे हे कळणे, मग कोणता आवाज आहे ते ओळखणे आणि शेवटी अर्थ लागणे. प्रौढांना पहिल्या दोन पायऱ्यांवर फार काळ थांबावे लागत नाही. खरे काम तिसऱ्या पायरीवर असते. तिथे शब्द हवेतून विचारायचे नसतात, कागदावर लिहून समोर ठेवायचे असतात. सुरुवातीला लांबीने वेगळे शब्द घ्या : घर, दरवाजा, वर्तमानपत्र. हे तीन शब्द तिच्यासमोर ठेवून त्यांतला एक उच्चारा. तिने बोट ठेवायचे. मग सारख्या लांबीचे, पण वेगळ्या स्वरांचे शब्द घ्या : माळ, मूळ, मेळ. स्वर लांब आणि जोरकस असतात, म्हणून ते लवकर जमतात. व्यंजने त्यानंतर.

व्यंजनांच्या बाबतीत आपल्या शाळेतल्या व्याकरणाचा इथे अनपेक्षित उपयोग होतो. वर्णमालेची जी मांडणी आपण पाठ केली, ती तोंडात ध्वनी कुठे आणि कसा तयार होतो यावर बेतलेली आहे. इम्प्लांटवर 'कसा' हे आधी कळते आणि 'कुठे' हे उशिरा. साल आणि ताल यांतला फरक, म्हणजे घासत येणारा ध्वनी आणि फुटून येणारा ध्वनी, बहुधा लवकर ऐकू येतो. तार आणि दार, काळ आणि गाळ, म्हणजे अघोष आणि घोष (गळ्याच्या कंपाविना आणि कंपासह येणारे ध्वनी), हेही हळूहळू सुटे होतात. पाट आणि पाठ यांत श्वासाचा झोत किती वेळ टिकतो हा फरक असतो आणि वेळेचे फरक इम्प्लांट बऱ्यापैकी पोहोचवते. पण पार, तार, कार हे तीन शब्द किंवा वेल आणि वेळ, मन आणि मण ही जोडी घेतली की भल्याभल्यांची गाडी अडते, कारण इथे फक्त जीभ किंवा ओठ कुठे टेकले एवढाच फरक आहे आणि तो ध्वनीच्या त्याच बारकाव्यांत असतो जे थोड्या इलेक्ट्रोडांमधून जाताना पुसट होतात. सहाव्या आठवड्यात पत्नीला 'काल' आणि 'काळ' यांत गोंधळ होत असेल तर त्याबद्दल तिला एका शब्दानेही बोलू नका. वाक्यात तो गोंधळ आपोआप सुटतो, कारण 'काल पाऊस पडला' यात 'काळ' बसत नाही हे तिला माहीत आहे.

शब्दांच्या सरावाला दहा-पंधरा मिनिटे पुरेत. उरलेला वेळ वाचनाला द्या. तिला आवडणारे पुस्तक घ्या, तिने पानावर डोळे ठेवावेत आणि तुम्ही नेहमीच्या गतीने मोठ्याने वाचावे. जे ऐकतो ते डोळ्यांसमोर लिहिलेले असले की काही मिनिटांतच तो ध्वनी अधिक स्पष्ट वाटू लागतो. हा भास नाही, मेंदू त्या क्षणी शिकत असतो. काही दिवसांनी मध्येच थांबून शेवटचा शब्द कोणता होता हे तिला बोट ठेवून दाखवायला सांगा, नंतर एखादा परिच्छेद तिने पानाकडे न पाहता ऐकावा आणि मग पाहावा. एक गोष्ट आणखी : सरावात तोंड झाकायचे असेल तर हाताने झाकू नका. हाताने ओठांसमोरचा आवाज दबतो आणि स, श यांसारखे नाजूक ध्वनी वाटेतच गळतात. तिच्या शेजारी, इम्प्लांटच्या बाजूला बसा. ओठही दिसणार नाहीत आणि आवाजही शाबूत राहील.

सरावाइतकेच महत्त्व तुमच्या रोजच्या बोलण्याला आहे. मराठी वाक्यात सर्वांत निर्णायक शब्द बहुधा शेवटी येतो. 'मी उद्या तुझ्याबरोबर येणार' इथपर्यंत ऐकूनही पुढे 'आहे' आहे की 'नाही', हे शेवटच्या दोन अक्षरांत ठरते आणि बोलताना आपला आवाज नेमका तिथेच खाली उतरतो. 'आला' आणि 'आली' यांतला फरकही शेवटच्या स्वरात दडलेला असतो. म्हणून वाक्याचा शेवट गिळू नका. तसेच 'तो गेला' आणि 'तो गेला?' यांतला फरक आपण केवळ सुराने करतो. इम्प्लांटवर सुराचा चढ नीट कळत नाही, त्यामुळे 'तो गेला का?' असे विचारा. 'का' हा एवढासा शब्द तिचे कष्ट वाचवतो. एखादे वाक्य कळले नाही तर तेच तीनदा ओरडून सांगण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा, आणि 'जाऊ दे, काही नाही' हे चार शब्द घरातून काढून टाका. ऐकू न येणाऱ्या माणसाला याहून अधिक एकटे पाडणारे वाक्य मला माहीत नाही.

प्रश्न : मी वर्षानुवर्षे ओठ वाचून संभाषण करत आलो. आता काही जण सांगतात की ओठांकडे पाहिले तर कान आळशी होतात. ओठवाचन सोडावे का?

उत्तर : सोडू नये. सरावाच्या ठरावीक वेळी केवळ कानांवर भिस्त ठेवावी, कारण त्याशिवाय नवा ध्वनी मेंदूला एकट्याने हाताळावा लागत नाही. पण दिवसभराच्या संभाषणात ओठ पाहण्यात काहीही कमीपणा नाही. उत्तम ऐकू येणारी माणसेही नकळत डोळ्यांनी ऐकत असतात. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली दाखवून दिले की आवाज 'ब'चा आणि ओठ 'ग'चे, असे चित्र दाखवले तर अनेकांना 'द' ऐकू येतो.

शिवाय ओठ आणि इम्प्लांट एकमेकांची उणीव भरून काढतात. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. त्यांतला फरक, म्हणजे घोष आहे की नाही, नाकातून येतो की नाही, हे इम्प्लांट सांगते. उलट प आणि त यांतला फरक इम्प्लांटवर पुसट असतो, पण ओठांवर लख्ख दिसतो. दोन्ही मिळून जे कळते ते दोन्हींच्या बेरजेहूनही जास्त असते, असे मी माझ्याकडे येणाऱ्या लोकांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

प्रश्न : ऑडिओलॉजिस्टकडे प्रत्येक भेटीत मॅपिंग बदलतात आणि दर वेळी सगळे शब्द पुन्हा अनोळखी वाटतात. हे थांबवायला सांगू का?

उत्तर : थांबवू नका. प्रत्येक इलेक्ट्रोडवर किती कमी प्रवाहाने आवाज जाणवू लागतो आणि किती प्रवाहापर्यंत तो सुखकर राहतो, या दोन सीमांची नोंद म्हणजे मॅप. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत या सीमा सरकत राहतात, म्हणून भेटी जवळजवळ ठेवलेल्या असतात. नवा मॅप दोन-तीन दिवस परका वाटतो; आठवडाभर वापरूनही जुन्यापेक्षा वाईटच वाटला तर मात्र स्पष्ट सांगा. सांगताना 'नीट वाटत नाही' एवढ्यावर थांबू नका. 'स' टोचतो, स्वतःचा आवाज घुमतो, दार आपटले की दचकायला होते, 'श' आणि 'स' एक वाटतात, अशी टिपणे वहीत करून न्या. त्यांवरून कोणता इलेक्ट्रोड बदलायचा याचा अंदाज बांधता येतो. आणि आवाज मोठा करून स्पष्ट होईल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण मर्यादेपलीकडे वाढवलेला प्रवाह आणखी पसरतो आणि अक्षरे आणखी मिसळतात.

रोज सकाळी यंत्र लावल्यावर घरातल्या कुणाला तरी आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी दोन-तीन पावलांवरून म्हणायला सांगा. डॅनियल लिंग यांनी निवडलेले हे ध्वनी बोलण्यातल्या खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या स्वरांचा पट्टा व्यापतात. एखादा ध्वनी अचानक ऐकू येईनासा झाला तर बिघाड मायक्रोफोनमध्ये, बॅटरीत किंवा मॅपमध्ये आहे हे त्याच दिवशी लक्षात येते. अन्यथा 'आज मलाच कळत नाही' असे समजून माणूस कित्येक दिवस स्वतःला दोष देत राहतो.

प्रश्न : शांत खोलीत एकाशी बोलताना आता बरेच कळते. पण चार माणसे जमली की सगळे हरवते, आणि फोन तर घ्यावासाच वाटत नाही. मला स्विच-ऑन होऊन सात महिने झाले आहेत.

उत्तर : गोंगाटात बोलणे वेगळे काढण्यासाठी आपला मेंदू प्रत्येक आवाजाचा सूर, दोन कानांतला वेळेचा फरक आणि ध्वनीचे सूक्ष्म तपशील वापरतो, आणि इम्प्लांटमधून नेमके तेच कमी पोहोचते. उत्तम ऐकणारा माणूस गोंगाट बोलण्याच्या बरोबरीचा असतानाही वाक्य पकडतो. इम्प्लांटवाल्याला मात्र बोलणे गोंगाटाच्या बरेच वर असावे लागते. ही तुमच्या मेहनतीतली कसूर नाही आणि सरावाने ती पूर्ण भरून निघेल असे आश्वासन मी देणार नाही. पण परिस्थिती बदलता येते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि एवढी वाढ अनेकदा कळणे आणि न कळणे यांतला फरक ठरते. बसताना पाठ गोंगाटाकडे करा, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असेल अशी जागा धरा आणि बैठकीत किंवा सभेत बोलणाऱ्याजवळ ठेवायचा बिनतारी मायक्रोफोन वापरा. तो आवाज थेट तुमच्या यंत्रात आणतो. दुसऱ्या कानात थोडे जरी ऐकू येत असेल तरी तिथे श्रवणयंत्र चालू ठेवा, कारण खर्जातले स्वर तो कान देतो आणि त्याने आवाज वेगळे काढायला मदत होते.

फोनची गोष्ट निराळी आहे. जुन्या पद्धतीच्या फोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स'चा बहुतेक भाग त्याच्या वर असतो आणि ओठही दिसत नाहीत. सुरुवात दृश्य कॉलने करा, मग चित्र बंद करा. यंत्र ब्लूटूथने जोडता येत असेल तर आवाज थेट घ्या. पहिले दोन-तीन आठवडे रोज एकाच ओळखीच्या माणसाशी, आधी ठरवलेल्या विषयावर पाच मिनिटे बोला. विषय माहीत असला की मेंदूला अंदाजाचा आधार मिळतो, आणि अंदाज बांधणे हे ऐकण्यातले निम्मे काम आहे. आकडे आणि नावे शेवटी घ्या. त्यांना वाक्याचा आधार नसतो, म्हणून ती सर्वांत कठीण. पलीकडच्याला 'पुन्हा सांगा' म्हणण्यापेक्षा 'तुम्ही पाच म्हणालात की सात?' असे विचारले की उत्तर लवकर कळते.

प्रश्न : आमच्या बाळाला चौदाव्या महिन्यात इम्प्लांट बसवले. आता सहा महिने झाले, पण ते अजून बोलत नाही. शेजारची त्याच्याच वयाची मुले वाक्ये बोलू लागली आहेत.

उत्तर : त्याचे वय वीस महिने असले तरी त्याचे ऐकण्याचे वय सहा महिन्यांचे आहे, आणि सहा महिन्यांच्या बाळाकडून कुणी वाक्यांची अपेक्षा करत नाही. त्याऐवजी इतर खुणा पाहा : हाक मारल्यावर वळते का, आवाज थांबला की तुमच्याकडे पाहते का, त्याच्या बडबडीत निरनिराळी अक्षरे येऊ लागली का? मोठ्यांपेक्षा मुलांचे काम एका अर्थाने अवघड असते, कारण मोठ्यांना जुन्या भाषेची नवी खूण शिकायची असते, तर मुलाला त्याच ध्वनीतून पहिली भाषा उभी करायची असते. पण त्याच्या मेंदूची लवचिकता मोठ्यांजवळ नसते. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मेंदूच्या प्रतिसादांची मोजणी करून दाखवले की जी जन्मतः बहिरी मुले साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांटने ऐकू लागतात, त्यांच्या मेंदूतील श्रवणमार्ग वयाला साजेसे प्रतिसाद देऊ लागतात. सात वर्षांनंतर तसे होणे फार कठीण जाते. तुम्ही वेळेत निर्णय घेतला आहे. आता दिवसभर, तो ज्या वस्तूकडे पाहत असेल तिच्याविषयी, त्याच्या जवळ जाऊन, छोट्या पूर्ण वाक्यांत बोला. हातवारे किंवा खुणा वापरत असाल तर त्या बंद करण्याची घाई करू नका; मुलाला आपले म्हणणे कळवता येणे, मग ते कोणत्याही मार्गाने असो, याला मी सर्वांत आधी महत्त्व देते.

प्रश्न : मी जन्मतः बहिरी आहे, वय ३६. खुणांच्या भाषेत माझे शिक्षण आणि संसार झाला. नातेवाईक म्हणतात इम्प्लांट केले की मी फोनवर बोलेन. खरे आहे का?

उत्तर : बहुधा नाही, आणि हे तुम्हाला शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगितले जायला हवे. लहानपणी ज्या मेंदूला ध्वनीतून भाषा मिळाली नाही, त्याला छत्तिसाव्या वर्षी केवळ कानाने बोलणे उलगडणे फार अवघड जाते. तुमच्यासारख्या काही स्त्री-पुरुषांना इम्प्लांटने हाक, दाराची घंटा, वाहनाचा इशारा ऐकू येतो, ओठ वाचताना मदत होते आणि त्यांना त्याचा आनंदही वाटतो. काही जण वर्षभराने यंत्र कपाटात ठेवतात. हा निर्णय तुमचा आहे, नातेवाइकांचा नाही. खुणांच्या भाषेत तुमचे आयुष्य पूर्ण आहे आणि तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. इम्प्लांट घ्यायचे असेल तर वरच्या गोष्टी तुम्हाला हव्या आहेत म्हणून घ्या, फोनसाठी घेऊ नका.

प्रश्न : पूर्वी मी तासन्‌तास गाणी ऐकत असे. आता सूर ओळखूच येत नाही. परत येईल का?

उत्तर : लय आणि ताल इम्प्लांटवर चांगले कळतात, सूर मात्र नीट कळत नाही, कारण जवळजवळचे दोन स्वर अनेकदा एकाच इलेक्ट्रोडच्या क्षेत्रात पडतात. पूर्वी पाठ असलेली, एकाच आवाजातली आणि थोड्या वाद्यांची गाणी शब्द समोर ठेवून ऐका. तिथे आठवण ध्वनीला साथ देते. पूर्वीसारखे होईल असे मी म्हणणार नाही, पण काही महिन्यांनी गाणे पुन्हा हवेसे वाटू लागल्याचे अनेकांनी मला सांगितले आहे.

प्रश्न : नऊ महिने झाले. कळते बऱ्यापैकी, पण दुपारपर्यंत इतका थकतो की डोके बधिर होते. घरचे म्हणतात, आता तर ऐकू येते, मग थकायला काय झाले?

उत्तर : घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांच्या कानांपर्यंत शब्द आपोआप पोहोचतात. तुम्ही मात्र प्रत्येक वाक्यातली काही अक्षरे ऐकता, काही ओठांवरून घेता, उरलेली अंदाजाने भरता, आणि हे सारे पुढचे वाक्य सुरू होण्याआधी उरकावे लागते. दिवसभर हे करणारा माणूस थकणारच. महत्त्वाची बोलणी सकाळी ठेवा. दर दीड-दोन तासांनी दहा मिनिटे अशी काढा की ज्यांत कुणाचे ऐकून उत्तर द्यायचे नाही. यंत्र कानावर राहू द्या, फक्त लक्ष सोडा, पानांची सळसळ किंवा दूरचा पाऊस ऐकत बसा. फारच झाले तर पंधरा मिनिटे यंत्र काढले तरी काही बिघडत नाही. मात्र ते दुपारी काढून दुसऱ्या दिवशी सकाळीच लावायची सवय लागू देऊ नका, कारण मग संध्याकाळचे घर, जिथे सगळे एकदम बोलतात, ते तुमच्या मेंदूला कायमचे परके राहील.